मातृभाषेत दिलेली सूचना

११ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, ते ठीकच आहे. चिमीच्या फोनवर केला तर तिनेही "मामा, आई नको म्हणते" एवढंच सांगून ठेवला. म्हणून पत्र. पत्र परत करायचं तर पोस्टमनला दारात थांबवावं लागतं, आणि कोणाला ताटकळत ठेवणं तुझ्या स्वभावात नाही. त्या भरवशावर लिहितोय.

भाऊजींची बॅग पाठवतोय. आमच्याकडचा एक सुतार सुट्टीवर येतोय, तो तुझ्या गावावरूनच पुढे जाणार आहे. चिमीला आधी फोन करेल. बॅगेत दोन स्वेटर आहेत, एक अजून घडीसुद्धा न मोडलेला. दाढीचं सामान, वाचायचा चष्मा, घड्याळ, चिमीचा बारावीचा फोटो, आणि तू शिवलेली ती कापडी पिशवी, जिच्यात ते वेल्डिंगच्या सळया ठेवायचे. हातमोज्यांचा एक जोड मी ठेवून घेतलाय. तुला हवा असेल तर सांग, तोही पाठवीन.

बरोबर चौकशीचा अहवाल आहे. मूळ कागद फ्रेंचमध्ये आहे. तू म्हणशील, मला येतं की. येतं, मला माहीत आहे. तू कॉलेजात मार्क पडतात म्हणून दोन वर्षं फ्रेंच घेतलंस आणि तुझ्या वह्या वाचून मी फुकटात शिकलो, तेव्हा तुझ्यापुढे मी शहाणपणा करू नये. पण हे सरकारी फ्रेंच आहे, फार किचकट. म्हणून मराठी करून पाठवतोय. चार पानांचं दीड पान झालं, कारण बाकी सगळी कलमं आणि नंबर आहेत.

थोडक्यात असं, की आम्ही इथे दुधाच्या पावडरीच्या कारखान्यासाठी स्टीलच्या मोठ्या पाइप जोडतो. जोड आतून काळा पडू नये म्हणून जोडताना पाइपच्या पोटात आर्गॉन नावाचा गॅस भरतात. त्याला वास नाही, रंग नाही. तो विषारीही नाही, फक्त हवेची जागा घेतो. माणूस त्यात शिरला तर दोन-चार श्वासांत पडतो. भाऊजी जोड तपासायला आत गेले तेव्हा गॅस आत राहिलेला होता. त्रास झाला नसणार, असं इथले डॉक्टर म्हणाले. मीही तेच म्हणतो.

त्यांना पोचवायला मी यायला हवं होतं. रजा मिळाली नाही.

इथे आमची दोन खाटांची खोली होती, अजून तीच आहे. दुसऱ्याला आत टाकतो म्हणून मॅनेजर दोनदा बोलला, मी दोनदा टाळलं.

जेवत जा वेळेवर.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

ताई,

चिमीचा निरोप मिळाला. बॅग पोचली, बरं झालं. घड्याळ बंद पडलंय म्हणाली, ते इथेच पडलं होतं, सुताराचा त्यात काही दोष नाही.

तू मूळ कागद मागितलास. पाठवतो. सध्या तो ऑफिसच्या कपाटात आहे, चावी मॅनेजरकडे असते आणि मॅनेजर रजेवर गेलाय. आला की मागतो.

दीड पानात सगळं आहे तसं.

तुला वाटत असेल, भाऊजी इथे कसे राहिले असतील. मी त्यांना ओढून आणलं असंच तू म्हणतेस आणि ते खरंच आहे. पण वर्षभरात ते हसलेही खूप, हे तुला कोणी सांगितलं नसेल. एकदा मी कामावर होतो आणि यांना सुट्टी होती, म्हणून एकटेच न्हाव्याकडे गेले. बाजूचे थोडे कमी कर, एवढंच सांगायचं होतं. बोटांनी खूण करून दाखवली. त्या न्हाव्याने काय समजून घेतलं कोण जाणे, पार चकोट करून सोडलं. संध्याकाळी मी खोलीत आलो तर टोपी घालून बसलेले. म्हणाले, "अरे, दुभाष्याशिवाय डोकंसुद्धा जागेवर राहत नाही बघ इथे." मला दुभाषीसाहेब म्हणायचे, माहीत आहे ना तुला? फोनवर सांगितलं असेल.

फ्रेंचमधला एकच शब्द ते शिकले. 'दुसमाँ.' सावकाश. कोणी नवा वेल्डर घाईघाईने हात फिरवायला लागला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून "दुसमाँ, दुसमाँ." बसच्या ड्रायव्हरलाही म्हणायचे. एकदा तो खरंच सावकाश चालवायला लागला आणि आम्हाला कामावर उशीर झाला.

कामाचं तर तुला सांगायला नको. माझ्या हाताला जे काही वळण आहे ते त्यांनी लावलेलं. तुमच्या लग्नाआधी पाच वर्षं, अठराव्या वर्षी त्यांच्या शेडमध्ये आलो तेव्हा मला वेल्डिंगचा टॉर्च नीट धरता येत नव्हता. इथेही त्यांचा जोड कधी परत आला नाही. प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढतात, माणसाच्या छातीचा काढावा तसा. वर्षभरात माझे सात परत आले, त्यांचा एकही नाही. फोरमन त्यांच्या जोडावरून अंगठा फिरवायचा आणि नुसती मान डोलवायचा.

पण हुकूम फ्रेंचमध्ये यायचे. कुठली पाइप आधी, कुठली मग, कोण वर चढणार, कोण खाली थांबणार. आमच्या टोळीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. बाकी देशोदेशीचे, त्यांना फ्रेंच थोडंफार यायचं. त्यामुळे भाऊजी कायम माझ्या तोंडाकडे बघायचे. "काय म्हणतोय?" दिवसातून पन्नास वेळा. ज्यांच्यापुढे मी सत्तावीस वर्षं मान खाली घालून काम शिकलो, ते माझ्या तोंडाकडे बघायचे.

खरं सांगू? सुरुवातीला मला बरं वाटायचं.

तुझा धाकटा


२ मार्च

ताई,

आधी दोन गोष्टी.

मॅनेजर रजेवर गेलेला नाही. कागद कपाटातही नाही, माझ्या ट्रंकेत आहे. पहिल्या दिवसापासून आहे.

रजा मिळाली होती. कंपनीने तिकीटसुद्धा काढलं होतं, शवपेटीबरोबर त्याच विमानात. मी विमानतळापर्यंत गेलो. आतल्या माणसाने पासपोर्ट मागितला आणि मी म्हणालो, खोलीवर राहिला. तो माझ्या खिशात होता. तिथल्या बाकावर बसून राहिलो आणि मग बसने परत आलो. तू दारात उभी असशील, तू मला जवळ घेशील, असं मला वाटत होतं. शिव्या दिल्या असत्यास तर आलो असतो.

आता हे सगळं सांगतोय ते एका कारणाने. माझी बढती झाली आहे. डिसेंबरातच झाली, मी लिहिलं नाही. मी आता सुपरवायझर आहे. हातात टॉर्च नाही, वही आणि शिट्टी आहे. माझं मुख्य काम म्हणजे नवीन आलेल्या कामगारांना सोमवारी सकाळी सुरक्षेचे नियम समजावून सांगायचे. आपल्या देशातले आता पुष्कळ येतात, त्यांना फ्रेंच येत नाही. पत्र्याच्या खोलीत पंचवीस-तीस जणांना बसवतात, फोरमन फ्रेंचमध्ये बोलतो आणि मी हिंदीत सांगतो.

त्यात एक गोष्ट आहे. फोरमन भिंतीवर पाइपचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, या पाइपमध्ये आमचा एक माणूस गेला. उत्तम कारागीर होता. त्याला त्याच्या भाषेत सांगितलं होतं, आत जाऊ नकोस. त्याने ऐकलं नाही.

हे मी हिंदीत सांगतो, ताई. दर सोमवारी. आतापर्यंत अकरा वेळा सांगितलं. गेल्या सोमवारी एक बिहारी मुकादम मागच्या बाकावरून म्हणाला, "जादा होशियार रहा होगा." सगळे हसले. फोरमनने मला विचारलं, काय म्हणतोय? मी त्याचंही भाषांतर केलं.

त्या दिवशी दुपारी एका वेल्डरला दाखवायला म्हणून टॉर्च हातात घेतला. एक वीतभर जोड मारून दाखवायचा होता. सळई दोनदा चिकटली. तो वेल्डर भिडेने दुसरीकडे बघायला लागला.

दीड पानाच्या मराठीत मी एक वाक्य गाळलंय. ते गाळण्यासाठीच मी मराठी केलं. पुढच्या पत्रात मूळ कागद असेल. एवढं लिहून पाकीट बंद करतो, नाहीतर हेही फाडीन.

धाकटा


२३ मार्च

ताई,

सोबत मूळ कागदाची प्रत. तिसऱ्या पानावर खालून सहाव्या ओळीला मी पेन्सिलीने खूण केली आहे. तुला डिक्शनरी लागणार नाही. 'कामगाराला आत न जाण्याची स्पष्ट सूचना त्याच्या मातृभाषेत देण्यात आली होती. सूचनेनंतरही तो स्वतःच्या जबाबदारीवर आत गेला.'

हे तू वाचलं असतंस तर तिथेच थांबली असतीस. त्यांच्या मातृभाषेत बोलणारं तिथे दुसरं कोण होतं?

अशी सूचना मी दिलेली नाही.

बारा नोव्हेंबर, सकाळचे सव्वादहा. चहाची सुट्टी होऊन आम्ही नुकतेच परत आलो होतो. भाऊजींनी मोठ्या पाइपचा जोड आदल्या तासात पुरा केला होता. माणूस रांगत जाईल एवढी पाइप, पुढे वळण घेऊन दुसऱ्या शेडमध्ये जाते. नियम असा, की जोड झाला की गॅस बंद करायचा, पंखा लावायचा, हवा मोजायचं मीटर आत धरायचं आणि मग माणूस. मीटर त्या दिवशी ऑफिसात चार्जिंगला लावलेलं होतं. पंखा लावलेला होता, पण तो पुरा पडला नाही. भाऊजींना आत जाऊन जोडाची आतली बाजू बघायची होती. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

दुसऱ्या टोकाला अजून एक टोळी काम करत होती आणि त्यांच्यासाठी गॅस चालू ठेवलेला होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हेच सांगायला फोरमन येत होता.

माझ्या पाठीमागे दोघंजण ग्राइंडर मारत होते. फोरमन वीस-पंचवीस पावलांवर थांबला, तोंडावरचा धुळीचा मास्क खाली न ओढताच ओरडला आणि हात हलवून दुसरीकडे वळला. मला 'गाझ' ऐकू आलं आणि 'कुपे' ऐकू आलं. गॅस. बंद. 'से कुपे' म्हणजे बंद केलाय आणि 'से पा कुपे' म्हणजे केलेला नाही. हे तुझ्याच वहीत होतं. बोलताना हे लोक नकाराचा अर्धा भाग गिळतात, उरतो नुसता तो 'पा', हे मात्र वहीत नव्हतं. ते मी इथे येऊन शिकलो होतो.

तो 'पा' मला ऐकू आला नाही. इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबलो होतो, कारण इथेही लबाडी आहे. मध्ये काहीतरी आहे असं मला वाटलं होतं. ओठ दिसत नव्हते, पण वाक्य मला ऐकू आलं त्यापेक्षा लांब होतं. आणि बंद झालं हे सांगायला कोणी असा हात हलवत नाही.

वीस पावलं जाऊन विचारायचं होतं. मी गेलो नाही, कारण आठवड्यापूर्वी मी असंच काहीतरी दोनदा विचारलं होतं आणि फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुला भाषा येते म्हणून ठेवलाय की ऐकू येत नाही म्हणून?" सगळे हसले होते. भाऊजींना काही कळलं नव्हतं, पण सगळे हसले म्हणून तेही हसले होते. ते हसणं माझ्या डोक्यात बसलं होतं, ताई. त्यांचं. फोरमनचं नव्हे.

म्हणून मी भाऊजींना सांगितलं, "गॅस बंद आहे." आणि ते आत गेले.

दोन-तीन मिनिटांनी हाक मारली. पाइपच्या तोंडातून त्यांचे बूट दिसत होते, ते हलत नव्हते. मी आत घुसायला गेलो तर ग्राइंडरवाल्याने मला कमरेला धरून मागे खेचलं, नाहीतर मीही तिथेच पडलो असतो. त्याने खेचायला नको होतं, असं मी त्याला नंतर म्हणालो. त्याला माझी भाषा कळत नाही. कोणीतरी जाऊन गॅस तोडला, पट्टा लावून त्यांना बाहेर काढलं. अकरा मिनिटं लागली.

फोरमन धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझे दोन्ही दंड धरून विचारत होता, "तू त्याला सांगितलंस ना? चालू आहे म्हणून सांगितलंस ना?"

मी म्हणालो, "हो."

तो जमिनीवर बसला आणि रडायला लागला. माझ्या त्या 'हो'ने त्याचा जीव वाचला आणि माझाही. पुढे चौकशीत तेच कायम राहिलं. चौकशीला दुभाषी म्हणूनही मीच होतो. इतर कामगारांना काय दिसलं ते सांगायला लावलं, ते म्हणाले, हा त्याच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, मग तो आत गेला. काय बोलला ते कोणाला कळणार? चौथ्या पानावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे आणि भाषांतरकार म्हणूनही माझीच. दोन्ही सह्या नीट बघ. अक्षर जराही हललेलं नाही.

तुला जे करायचं ते कर. हा कागद वकिलाला दाखव, पोलिसांत दे. मी इथून कुठेही जाणार नाही.

धाकटा


१९ एप्रिल

ताई,

तुझं काही आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण भाऊजींच्या नावाला लागलेला बट्टा तरी पुसून टाकावा म्हणून मी काय केलं, ते तुला कळायला हवं.

अर्धा दिवस रजा काढून कामगार खात्याच्या ऑफिसात गेलो. तीन तास बाकड्यावर बसल्यावर एका बाईंनी आत बोलावलं. चांगल्या होत्या, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं फ्रेंचमध्ये सांगितलं. घरून पाठ करून गेलो होतो, एकही चूक झाली नाही. बाईंनी फाइल काढली, माझी सही बघितली आणि चष्मा काढला.

"म्हणजे तेव्हा सांगितलंत ते खोटं?"

"हो."

"आणि आता सांगताय ते खरं?"

"हो."

"कशावरून?"

मी म्हणालो, मीच सांगतोय ना. त्या म्हणाल्या, तेव्हाही तुम्हीच सांगत होतात. ऐकणारा दुसरा कोणी? ऐकणारा एकच होता, आणि तो गेला. बाईंनी पेन ठेवलं. म्हणाल्या, प्रकरण बंद झालंय. तुम्ही लेखी द्या, मी शिक्का मारून फाइलच्या मागे जोडते. मी विचारलं, कोणी वाचेल का? त्या म्हणाल्या, "जोडते एवढंच मी सांगू शकते."

लिहून दिलं. शिक्क्याची पोच सोबत आहे.

मग फोरमनला जाऊन सांगितलं. त्याला तू वाईट समजू नकोस. त्याने आपल्या परीने बरोबर सांगितलं होतं. तो जेवत होता, डबा बाजूला ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. ओरडला नाही. मग म्हणाला, "तू हो म्हणालास त्यावर मी पाच महिने जगलो. आता मला रोज वाटणार, मी मास्क काढायला हवा होता, मी जवळ जायला हवं होतं. तो तर परत येणार नाही. हे तू कोणासाठी केलंस?"

मी त्याचा डबा उचलून परत त्याच्यापुढे ठेवला आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी वही आणि शिट्टी काढून घेतली. पुन्हा वेल्डिंगला लावायचं तर परीक्षा द्यावी लागते, ती दिली. दोन्ही जोड एक्स-रेत नापास झाले. आता पाइप कापायच्या करवतीवर आहे. तिथे बोलावं लागत नाही. कानात बोळे घालून उभं राहायचं, रेघ आखलेली असते, त्यावर पातं खाली आणायचं.

दुभाषी म्हणून नवा माणूस आणलाय. तरतरीत आहे, फ्रेंच माझ्यापेक्षा चांगलं. सोमवारी पत्र्याच्या खोलीत आता तो बोलतो. खोली करवतीच्या शेडला लागूनच आहे, मशीन सुरू व्हायच्या आधी सगळं ऐकू येतं. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर ती गोष्ट तरी बदलतील. बदलली नाही. कंपनीच्या छापील कागदात ती आहे, आणि छापील कागद बदलायचा तर वरून मंजुरी लागते. आमचा एक माणूस होता, त्याला त्याच्या भाषेत सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. नवा माणूस रंगवून सांगतो. फोरमन आता खिडकीकडे तोंड करून उभा असतो.

खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर मॅनेजरने एका रंगाऱ्याला आणून टाकलं. आता नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? भला माणूस आहे. भाऊजींच्या खिळ्याला त्याने आपला टॉवेल लावला तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

धाकटा


२७ मे

ताई,

चिमीचं पत्र मिळालं. किती मोठी झाली, अक्षर तुझ्यासारखं काढते. तिने लिहिलंय ते जसंच्या तसं इथे उतरवतो, म्हणजे मी काही फिरवलं नाही हे तुला दिसेल.

'मामा, मूळ कागद आईने तीन दिवस बसून वाचला. तुमची पत्रंही वाचली. रडली नाही. यापुढे पत्र पाठवू नका असं तिने सांगितलंय. कोर्टकचेरी काही करायची नाही. फक्त एक गोष्ट विचारायला सांगितली आहे, तिचं उत्तर तेवढं पाठवा. आई म्हणते, बाबा एकदा सांगितल्यावर कधीच पुढे जायचे नाहीत, ते प्रत्येक गोष्ट परत विचारायचे. आत जाण्याआधी त्यांनी तुम्हाला परत विचारलं होतं का? विचारलं असेल तर तुम्ही काय म्हणालात?'

मला वाटलं होतं, मी सगळं सांगून टाकलंय. कामगार खात्याला, फोरमनला, तुला. मार्चच्या पत्रात 'मी सांगितलं आणि ते आत गेले' असं लिहिताना त्या 'आणि'वर माझं पेन थांबलं होतं. कोणाच्या लक्षात येणार, म्हणून मी पुढे गेलो. चौकशीवाल्यांच्या नाही आलं, बाईंच्या नाही आलं. तू त्यांच्याबरोबर बावीस वर्षं संसार केलास.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत 'नाही, विचारलं नाही' असं होतं. ते पाठवलं असतं तरी तुला कळलं असतं, म्हणून पाठवलं नाही. हे पाठवतोय.

हो, विचारलं होतं.

ते पाइपच्या तोंडाशी ओणवे झाले होते. एक गुडघा आत टाकला होता. तसेच थांबले, मान वळवून म्हणाले, "नक्की ना रे? तो हात हलवत होता. जा, एकदा विचारून ये त्याला."

ग्राइंडरवाले तेवढ्यात थांबले होते. ते माझ्याकडे बघत होते, आणखी दोघंही बघत होते. त्यांना शब्द कळत नव्हते, पण म्हातारा याच्यावर विश्वास ठेवत नाहीये एवढं कोणालाही कळलं असतं. फोरमन अजून दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी म्हणालो, "भाऊजी, भाषा मला येते की तुम्हाला?"

मोठ्याने म्हणालो. सत्तावीस वर्षांत मी त्यांच्याशी त्या आवाजात कधी बोललो नव्हतो.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. तू म्हणतेस तसे पुन्हा विचारतील असं मलाही वाटलं. मग त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, ते माझ्या हातात दिलं, "तुला, बाबा, तुला," असं म्हणाले, आणि आत गेले.